साथीच्या काळात लहान मुलांना सांभाळताना या चुका टाळा

जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ साठी ३० जानेवारी २०२० रोजी आणीबाणी जाहीर केली आणि ती ५ मे २०२३ रोजी मागे घेतली. तिच्या आरंभी जन्मलेली मुले ती संपेपर्यंत तीन वर्षे ओलांडून गेली होती. म्हणूनच ‘हे सगळे निवळले की मुलांकडे नीट लक्ष देऊ’ हा विचार हीच पहिली चूक आहे, कारण मोठ्यांना जो मधला काळ वाटतो, तेवढेच लहानग्यांचे आजवरचे आयुष्य असते.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे मौन. मुलाला काही कळत नाही असे समजून मोठी माणसे कुजबुजतात, दार लावून फोनवर बोलतात आणि मुलाने विचारलेच तर ‘काही नाही’ म्हणतात. मुलाला कारण कळत नाही, पण घरातला ताण मात्र कळतो. शाळेत जाऊ लागण्याच्या आसपासचे वय असे असते की घडणाऱ्या गोष्टींचे केंद्र आपणच आहोत असे मुलाला वाटते, आणि मग ‘मी ऐकले नाही म्हणून बाबा आजारी पडले’ असा निष्कर्ष ते स्वतःच काढून मोकळे होते. त्यामुळे थोडके पण खरे सांगावे: “सध्या एक आजार पसरला आहे. तो तुझ्यामुळे आलेला नाही. बाबांना डॉक्टर औषध देत आहेत आणि मी तुझ्याजवळ आहे.” एवढे सांगून थांबावे. तोच प्रश्न दहा वेळा आला, तर दहाही वेळा त्याच शब्दांत उत्तर द्यावे. मुलाला नवी माहिती नको असते, कालचे उत्तर आजही टिकले आहे ना, हे ते तपासत असते. ‘कोणालाच काही होणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे दिवसभर बातम्या चालू ठेवणे. एकच दृश्य पुन्हा दाखवले जात आहे हे लहान मुलाच्या लक्षात येईलच असे नाही. प्रत्येक वेळी ते संकट नव्याने घडले असे त्याला वाटू शकते.

‘हात धुतले नाहीस तर आजी आजारी पडेल’ हे वाक्य कामापुरते उपयोगी पडते खरे, पण आजी खरोखरच आजारी पडली तर तो अपराध मुलाच्या माथी बसतो. त्यापेक्षा साबणाने हात चोळण्याची २० सेकंदे एखाद्या बडबडगीताने मोजावीत. सॅनिटायझर मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, कारण त्यातील अल्कोहोल पोटात गेल्यास विषबाधा होते.

विलगीकरणात जाणारे आई-वडील बहुधा मूल झोपलेले असताना गुपचूप निघून जातात. रडारड टाळण्याचा हेतू चांगला असला, तरी झोपेतून उठल्यावर आई नाही, हा अनुभव निरोपाच्या रडण्यापेक्षा फार कठीण असतो. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनमधील युद्धकालीन पाळणाघरांत नोंदवले होते की बॉम्बहल्ल्यांपेक्षा आईपासूनची ताटातूट मुलांना अधिक हादरवते. निरोप घ्यावा, जेवण कोण भरवणार आणि रात्री शेजारी कोण झोपणार ते सांगावे, आपला वापरातला पण स्वच्छ धुतलेला एखादा कपडा मुलाजवळ ठेवावा आणि रोज ठरलेल्या वेळी काचेआडून किंवा व्हिडिओ कॉलवर दिसावे. वेळ चुकवण्यापेक्षा भेट छोटी असलेली बरी.

सुटलेली सवय परत येते तेव्हा पालक हमखास चिडतात. अंथरूण ओले होणे, अंगठा चोखणे, बोबडे बोलणे ही हट्टाची नव्हे, ताणाची लक्षणे आहेत. चादर गाजावाजा न करता बदलावी. लघवी करताना जळजळ, ताप किंवा अतिशय तहान असेल, तर मात्र ते ताणावर ढकलू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. कित्येक आठवडे मूल खेळतच नसेल किंवा शिकलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तरीही हाच सल्ला. बाहुली ‘मेली’ असा खेळ चालला असेल तर तो थांबवू नये. फारच पुन्हा पुन्हा तसाच संपत असेल, तर आपणही खेळात शिरून डॉक्टर व्हावे.

नेहमीच्या लसी पुढे ढकलणे हीदेखील चूकच आहे. मे २०२० मध्ये लसीकरण विस्कळीत झाल्यामुळे एक वर्षाखालील सुमारे ८ कोटी बालकांना धोका असल्याचा इशारा देण्यात आला होता.

राहता राहिले स्वतः पालक. मुलासमोर चेहरा कोरा ठेवणे म्हणजे खंबीरपणा, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवताच बाळ तिचे लक्ष वेधू लागले, जमेना तेव्हा अस्वस्थ होऊन तोंड फिरवू लागले. ‘मला आज काळजी वाटते आहे, पण मी तुझी काळजी घेणार आहे’ असे म्हणणे या कोऱ्या चेहऱ्यापेक्षा मुलाला सोपे जाते. ओरडून झालेच, तर नंतर जवळ घेऊन ‘मी ओरडायला नको होते’ असे सांगावे. आणि राग आवरत नाही असे वाटले, तर मुलाला दुसऱ्या मोठ्या माणसाकडे सोपवून, किंवा एकटेच असाल तर त्याला सुरक्षित जागी बसवून, पाच मिनिटे खोलीबाहेर जावे.