नैरोबीत एकटं राहणार? कुकरची जास्तीची रिंग न्या

स्वयंसेवक म्हणून नैरोबीला निघालेल्या पुण्याच्या मुलामुलींनो, तीन लिटरचा कुकर बॅगेत घ्याच. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचावर आहे, पुण्याच्या तिपटीहून जास्त. तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यातली डाळ लवकर शिजत नाही. दाणा बोटांनी दाबला तर मध्ये कणी लागते. निघण्याआधी तुळशीबागेत जाऊन त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या. जुनी रिंग सोबत न्या, अंदाजाने आणलेली बसत नाही. प्रवासात मोकळ्या कुकरात मोजे कोंबा.

मोठा कुकर नकोच. तिथल्या सहा किलोच्या सिलिंडरवर बर्नर थेट वरच बसतो, त्यावर जड भांडं डगमगतं. डाळ-तांदूळही वाहून नेऊ नका, तूर केनियात पिकते. प्लग मात्र तीन चपट्या पिनांचा लागतो, तेव्हा अडॅप्टर हाताशी ठेवा.

हिंग, हळद, गोडा मसाला थोडाथोडा न्या. दिवसभर सामान लावून थकल्यावर पहिल्या रात्री खिचडीची शिट्टी ऐकू आली की फार धीर येतो.