व्हीआर हेडसेट ‘लागू’ नये म्हणून

घाटात गाडी लागते तेव्हा शरीराला वळणे जाणवत असतात, पण डोळ्यांसमोरची सीट जागची हलत नाही. व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या उपकरणात, नेमके उलटे घडते, डोळे धावत असतात आणि अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र आपण खुर्चीत स्वस्थ बसलो आहोत असेच सांगत राहते. मळमळ होते ती मुख्यतः या विसंगतीमुळे.

म्हणून सर्वांत आधी खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन फिरण्याची पद्धत बदलावी. अंगठ्याने स्टिक पुढे ढकलून सरकत जाण्याऐवजी ‘टेलिपोर्ट’ (दाखवलेल्या जागी एकदम उडी) निवडावे, आणि सलग वळण्याऐवजी ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांनी वळवणारा ‘स्नॅप टर्न’ घ्यावा; चालताना दृश्याच्या कडा काळ्या करणारी सोय असल्यास तीही सुरू ठेवावी, कारण सरकण्याचा भास बराचसा नजरेच्या कडांनीच होतो. मजा थोडी कमी होते हे खरे, पण ओकारीपेक्षा ते बरे.

हेडसेटच्या भिंगांमधील अंतर आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराशी जुळवावे. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये त्यासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे असून भिंगे हातानेच सरकवावी लागतात. चित्र अडखळत असेल तर ग्राफिक्सचा दर्जा उतरवावा.

समोर टेबलफॅन लावावा. झुळकेवरून खोलीतील आपली दिशा कळत राहते. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत. कपाळाला घाम फुटला किंवा तोंडाला पाणी सुटले की हेडसेट तत्काळ उतरवावा, आणि डोके ठिकाणावर येईपर्यंत दुचाकीची किल्ली हातात घेऊ नये.