मोबाईलला रेंज येत नाही? उपाय करण्याआधी या चुका टाळा

आई फोन घेऊन आतल्या खोलीत गेली की तिचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. "ऐकू येतंय का रे? हॅलो?" एवढं दोनदा ऐकू यायचं आणि फोन कट. तिचा फोन हातात आल्यावर मी आधी तो बंद करून चालू केला आणि लगेच नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्या. बहुतेक जण हेच करतात. त्यात घरच्या वायफायचा पासवर्ड गेला, ब्लूटूथच्या इअरफोनची जोडणी गेली आणि कॉल तुटायचे ते तुटतच राहिले. दोष भलत्याच ठिकाणी होता, तो पुढे सांगतोच. तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो: रेंजची तक्रार आली की आधी आकडा बघा. सेटिंग्जना हात नंतर लावा.

चूक: काड्या बघून निदान करणं

किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, याचं जगभर मान्य असं कुठलंच प्रमाण नाही. अँड्रॉइडमध्ये ४जीसाठी मूळ उंबरठे −१२८, −११८, −१०८ आणि −९८ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असे आहेत, पण सिम कंपनीला ते आपल्या सोयीने बदलता येतात. इतकंच काय, एक काडी वाढवून दाखवायची सोयसुद्धा अँड्रॉइडच्या कोडमध्ये आहे. २०१० मध्ये आयफोन ४ च्या रेंजवरून गदारोळ झाला, तेव्हा ॲपलनेच जाहीर केलं होतं की काड्या ठरवायचं त्यांचं सूत्र पूर्ण चुकीचं होतं आणि फोन बरेचदा दोन काड्या जास्त दाखवत होता. म्हणून दोन वेगळ्या फोनच्या काड्यांची तुलना करून काहीही सिद्ध होत नाही.

खरा आकडा फोनमध्येच असतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' आणि त्यात 'सिग्नल स्ट्रेंग्थ'. काही फोनमध्ये वाट थोडी वेगळी असते आणि काही सिम कंपन्या ही ओळ दडवून ठेवतात. अशा वेळी सिग्नलचा आकडा दाखवणारं एखादं साधं ॲप चालतं. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर −८५ म्हणजे उत्तम, −१०० पर्यंत काम नीट चालतं, −११० च्या पुढे कॉल अडखळायला लागतो आणि −१२० च्या आसपास फोन नेटवर्क सोडायच्या बेतात असतो.

हे डीबीएमचं गणित आपल्या नेहमीच्या बेरीज-वजाबाकीसारखं नाही. ३ ने आकडा घसरला की ताकद निम्मी होते, १० ने घसरला की दहावा हिस्सा उरते. खिडकीपाशी −९५ आणि आतल्या खोलीत −११५ असेल, तर आत पोचणारा सिग्नल शंभरपट कमी आहे. आकडा सतत थोडा खाली-वर होत असतो. फोन एका जागी ठेवा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन-तीनदा वाचून कागदावर लिहून ठेवा.

या आकड्याला एक मर्यादा आहे. टॉवरचं फोनला किती ऐकू येतं, एवढंच तो सांगतो. फोनचं टॉवरला किती ऐकू जातं, ते त्यात नाही. टॉवर कित्येक वॉटच्या ताकदीने बोलतो, तर ४जी फोनची कमाल ताकद साधारण २०० मिलिवॉट. त्यामुळे रेंजच्या काठावर आधी फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचेनासा होतो. "मला त्यांचं नीट ऐकू येतं, पण त्यांना माझं तुटक येतं" असं कोणी सांगितलं, की माझं लक्ष सर्वांत आधी इकडे जातं.

चूक: रेंज आणि इंटरनेट एकच समजणं

आकडा −८० आहे, काड्या भरल्यात, पण साधा फोटो जात नाही. हा रेंजचा दोष नव्हे. गर्दीच्या ठिकाणी एकाच टॉवरवर हजारो फोन लटकले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं. किंवा डेटाची मर्यादा संपलेली असते, व्हीपीएन चालू राहिलेलं असतं, नाहीतर एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या इंटरनेटला जोडणारी सेटिंग, चुकलेलं असतं. एपीएनमधलं एक अक्षर चुकलं तरी इंटरनेट पूर्ण बंद पडतं, पण काडी एकही कमी होत नाही. एपीएनच्या पानावर 'रीसेट टू डिफॉल्ट' असा पर्याय असतो, तो दाबून बघा. कॉल स्वच्छ होतोय आणि फक्त नेट अडलंय, तर फोन उघडायची किंवा सिम घासायची काही गरज नाही.

चूक: दोष कुणाचा हे न ठरवताच उपाय करणं

जागा, सिम, फोन आणि टॉवर या चौघांपैकी कोण अडलंय हे ओळखायला पंधरा मिनिटं पुरतात. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागा तीच, सिम तेच, फोन दुसरा. मग जागा तीच, फोन तोच, सिम त्याच कंपनीचं दुसरं. सगळ्यात शेवटी जागा बदला.

आईच्या बाबतीत मी अखेर हेच केलं. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा फोन ठेवला, आकडा −११२. तेच सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं, फोन त्याच कट्ट्यावर त्याच जागी ठेवला, आकडा −९५. १७ चा फरक, म्हणजे जवळपास पन्नासपट. जागा निर्दोष, सिम निर्दोष, टॉवर निर्दोष. मग आठवलं की चार महिन्यांपूर्वी या फोनची बॅटरी बदलून घेतली होती आणि तक्रार त्यानंतरचीच होती.

फोन दुसऱ्या कारागिराकडून उघडून घेतला आणि मी शेजारी बसून राहिलो. खालच्या पट्टीवरून वरच्या मुख्य बोर्डाकडे दोऱ्याइतकी बारीक काळी केबल जाते. तिच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी सोनेरी टोपी असते. ती टोपी तिच्या खोबणीत नव्हती, केसभर बाजूला सरकून नुसती टेकलेली होती. कारागिराने प्लास्टिकच्या पट्टीने ती जागेवर दाबली, 'टक' असा बारीक आवाज आला. फोन जोडून त्याच कट्ट्यावर ठेवला तर आकडा −९६.

बऱ्याच फोनमध्ये मुख्य अँटेना खालच्या बाजूला, चार्जिंगच्या खोबणीजवळ असतो आणि सिग्नल वर न्यायला अशीच केबल लागते. स्क्रीन, बॅटरी किंवा चार्जिंगची खोबण बदलल्यानंतर रेंज घसरली असेल, तर पहिला संशय याच केबलवर घ्या. दुरुस्तीला देण्याआधी आकडा लिहून ठेवा आणि परत घेताना तिथेच उभं राहून पुन्हा बघा.

चूक: ऐकीव सल्ल्याने नेटवर्क मोड जखडून टाकणं

"फक्त ४जीवर ठेव, नेट पळतं" हा सल्ला फार फिरतो. त्यासाठी *#*#४६३६#*#* डायल करून चाचणीचा मेनू उघडतात आणि 'एलटीई ओन्ली', म्हणजे फक्त ४जी, निवडतात. पण ४जीवरून आवाज जायला व्होल्टीई ही सोय चालू असावी लागते. ती नसेल तर कॉल येणंच बंद होतं, आणि फोन करणाऱ्याला वाटतं तुमचा फोन बंद आहे. मोड ऑटोवर ठेवणंच बरं.

५जीच्या काठावर मात्र वेगळा विचार करावा लागतो. ५जी बरेचदा वापरतं ती ३५०० मेगाहर्ट्झची लहर साधारण साडेआठ सेंटीमीटरची, ९०० मेगाहर्ट्झची जवळपास ३३ सेंटीमीटरची. वारंवारता वाढत जाते तसा भिंतींमधला मार वाढतो. त्यामुळे घरात ५जी येतं-जातं आणि फोन ५जी-४जी अशा येरझाऱ्या घालत बॅटरी खातो. तिथे सेटिंग्जमधल्या 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप'मधून ५जी तेवढं बंद केलं तर कॉल आणि नेट दोन्ही स्थिरावतात. फोन खूप तापला की तो स्वतःहूनही ५जी बंद करतो, तेव्हा उन्हातल्या फोनवरून निष्कर्ष काढू नका.

प्रवासात कुणी 'ऑटोमॅटिकली सिलेक्ट नेटवर्क' बंद करून हाताने नेटवर्क निवडलेलं असतं आणि ते तसंच राहतं. ती खूण पुन्हा चालू आहे ना, एवढं बघून घ्या.

चूक: सिग्नल वाढवणारी ॲप, स्टिकर आणि बूस्टर

कुठलंही ॲप फोनच्या रेडिओची ताकद वाढवू शकत नाही. जास्तीत जास्त ते कनेक्शन तोडून पुन्हा जोडतं, आणि ते तुम्ही एअरप्लेन मोडने फुकटात करू शकता. मोड चालू करा, पंधरा सेकंद थांबा, बंद करा. याने फरक पडतो तो अशासाठी, की फोन कधीकधी लांबच्या टॉवरला चिकटून बसतो आणि नव्याने नोंदणी करताना जवळचा निवडतो. बॅटरीखाली चिकटवायच्या सोनेरी स्टिकरचा काहीच उपयोग नाही.

बूस्टर हे खरं यंत्र आहे, पण अनेक देशांत परवान्याशिवाय ते लावणं बेकायदा आहे. त्याचं कारणही रास्त आहे. हलक्या प्रतीचं यंत्र टॉवरच्या कानाशी गोंगाट करतं आणि परिसरातल्या सगळ्यांचे कॉल बिघडतात. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल, हा सरळ आणि स्वच्छ मार्ग आहे. फोन आणि सिम कंपनी दोघांचीही त्याला साथ लागते. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर तो पर्याय दिसतोय का, आजच बघा.

चूक: कव्हर आणि काच विसरणं

गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी फोनमागे चिकटवलेली लोखंडी चकती, धातूचं कव्हर, आडव्या फोनची दोन्ही टोकं घट्ट धरणारे हात, हे सगळं अँटेनाच्या आड येतं. कव्हर काढून आणि लावून आकडा घ्या, लगेच कळेल. उष्णता अडवायला धातूचा पातळ थर दिलेल्या खिडकीच्या काचा तर सिग्नलचा आकडा २० ते ३० ने पाडू शकतात, म्हणजे शंभर ते हजारपट. खिडकी बंद असताना एक आकडा आणि उघडी असताना दुसरा. तफावत मोठी निघाली तर फोनला बोल लावू नका.

चूक: सिम घासणं, कापणं

जुनं मोठं सिम कापून नॅनो केलं की ते जाड राहतं. जुन्या सिमची जाडी ०.७६ मिलिमीटर, नॅनोची ०.६७. तेवढ्या फरकाने ट्रेमध्ये सिम अडकतं आणि आतल्या पिना वाकतात. सिमवरचा सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडाने पुसा, ब्लेड किंवा पॉलिश पेपर लावू नका. सिम फार जुनं असेल तर कंपनीकडून बदलून घ्या, नंबर तोच राहतो.

'नो सिम' आणि 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' यांत गल्लत करू नका. पहिल्यात फोनला सिम वाचताच येत नाही. दुसऱ्यात टॉवर दिसतो, पण फोनला आत घेत नाही. सिम बंद झालेलं असू शकतं, किंवा फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, अडवलेला असू शकतो. *#०६# डायल करा. तिथे क्रमांकाऐवजी शून्यं किंवा रिकामी जागा दिसली, तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकताना काहीतरी बिघडलंय आणि ते काम घरी होण्यासारखं नाही. दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनमध्ये इथल्या नेटवर्कचे बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, मुळात नसतील, तर कुठल्याही सेटिंगने रेंज येणार नाही. विकत घेण्याआधीच मॉडेल क्रमांकावरून बँड जुळवून बघा.

चूक: रीसेटपासून सुरुवात

नेटवर्क रीसेटने फोटो जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोडण्या आणि एपीएन पुसले जाऊ शकतात. याच पानावर ई-सिम (फोनमध्येच साठवलेलं डिजिटल सिम) पुसण्याची एक चौकट असते. ई-सिम वापरत असाल तर तिथे चुकूनही खूण करू नका, कारण मग ते कंपनीकडून पुन्हा घ्यावं लागतं. रीसेटच्या आधी सिस्टिम अपडेट बघा, मोडेमचं, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाचं, सॉफ्टवेअर त्यातूनच येतं. फॅक्टरी रीसेटने मोडेमचं सॉफ्टवेअर बदलत नाही, तुमची माहिती तेवढी जाते.

दोन वेगळे फोन, त्याच कंपनीची दोन सिम, घराबाहेर मोकळ्या जागेतही आकडा −११५ च्या खालीच. इथवर आलात तर प्रश्न टॉवरचा आहे आणि आता कंपनीकडे तक्रार करायची वेळ आहे. तक्रारीत नुसतं "रेंज नाही" असं लिहू नका. नेमका पत्ता, घरातल्या आणि बाहेरच्या तीन जागांचे आकडे, प्रत्येकाची वेळ, दोन्ही फोनची मॉडेल आणि त्रास कोणत्या तारखेपासून आहे, एवढं लिहा. आधी मिळणारी रेंज त्या तारखेपासून गेली असेल तर तेही स्पष्ट लिहा, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.