कोऱ्या फॉर्मवरची हिरवी सही

बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, यंदा प्रवेश घेतलेली चार-पाच पोरं परवा मैदानावर भेटली. सगळी खो-खोची. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. तेव्हापासून आमच्याकडची मैदानं पुन्हा भरायला लागलीत. पोरं दम कसा वाढवायचा विचारतात, खांबावरचा सूर विचारतात. पात्रता फॉर्मचं, म्हणजे कॉलेजकडून खेळायला आपण पात्र आहोत असं ज्यावर सही करून लिहून देतो त्या कागदाचं, कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

बी.ए. झाल्यावर माझी दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागं गेली. एकदा गोळ्यात मार्क गेले, एकदा लेखीत. मग बी.पी.एड.ची सीईटी दिली. तिच्या फेऱ्या लांबतात आणि वर्ष रिकामं घालवायची घरून परवानगी नव्हती, म्हणून जुलैत तालुक्याच्या कॉलेजात एम.ए.ला नाव घालून ठेवलं. हे आपल्याकडं सगळेच करतात, त्यात गैर काही नाही.

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. जिलेबी वाटली. तिथंच खेळाच्या सरांनी आम्हाला ओळीत उभं करून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे पात्रता फॉर्म पुढं केले. सगळे कोरे. "फक्त सही करा रे, बाकीचं मी भरतो." माझ्याकडं पेन नव्हता, तर सरांनी खिशातला हिरव्या शाईचा दिला. बोटं पाकानं चिकट होती, सही जरा फरकटली. दुसरा फॉर्म द्या म्हणालो, तर म्हणाले, "चालतंय."

ऑक्टोबरात बी.पी.एड.ला नंबर लागला. एम.ए.चा प्रवेश रद्द केला, टी.सी. काढली, अनामत परत घेतली. वाटलं, तिथलं सगळं मिटलं. पण टी.सी. देणारी खिडकी वेगळी आणि क्रीडा विभागाचं कपाट वेगळं. खिडकीनं कपाटाला काही कळवलं नाही. माझं नाव जुन्या कॉलेजच्या यादीत तसंच राहिलं आणि विद्यापीठात जाऊन पडलं. त्यांच्याकडून मी एक डावही खेळलो नाही. नव्या कॉलेजकडून मात्र रीतसर फॉर्म भरून खेळलो, उपांत्य सामना जिंकलो. हरलेल्या संघाच्या व्यवस्थापकांनी फी भरून लेखी हरकत घेतली. छाननीत एकाच खेळाडूचे, एकाच वर्षाचे, दोन कॉलेजांचे दोन फॉर्म निघाले. सामना गेला, संघ बाद झाला आणि मला चालू वर्ष अन् पुढचं वर्ष निलंबन. पत्र प्राचार्यांच्या नावानं आलं. मला चार दिवसांनी कळलं, तेही सरावाला बूट घालून उभा असताना.

आता नीट ऐका, कारण इथंच सगळे फसतात. फॉर्मवरची सही म्हणजे हजेरी नव्हे. त्या सहीच्या वर बारीक अक्षरात प्रतिज्ञापत्र असतं: मी या कॉलेजचा नियमित विद्यार्थी आहे, चालू वर्षात दुसऱ्या कॉलेजकडून खेळलो नाही आणि खेळणार नाही, माहिती खोटी निघाली तर कारवाई मान्य आहे. कोऱ्या कागदावर सही केली तरी हे तुम्ही लिहून दिलंय असंच धरतात. आणि कागद कोरा असल्यानं त्यावर पुढं कुठली तारीख पडेल, कुठला वर्ग पडेल, हे तुमच्या हातात राहत नाही. माझ्या फॉर्मवर ऑक्टोबरअखेरची तारीख पडली होती. म्हणजे टी.सी. काढल्यानंतर मी पुन्हा तिथं जाऊन 'मी इथलाच विद्यार्थी' असं लिहून दिलं, असं कागद सांगत होता. समितीसमोर मी म्हणालो, साहेब, सही सप्टेंबरातली आहे. ते म्हणाले, पुरावा? पुरावा काय देणार, जिलेबी?

सरांनी मुद्दाम केलं नाही, हे मी आजही मानतो. संघ भरायचा होता, शेवटची तारीख होती, त्यांनी गठ्ठा उचलून सगळ्या फॉर्मवर एकच तारीख टाकली. पण "पोरा, तू काळजी करू नको, मी आहे" म्हणणाऱ्या प्रेमळ मार्गदर्शकांची मला आता धास्तीच वाटते. खवीस असलेला, "आधी झेरॉक्स आण, मग बोल" म्हणणारा क्लार्क परवडला. त्याच्याकडून एकाही पोराचं वर्ष गेलेलं मी पाहिलेलं नाही.

तर करायचं काय? फॉर्म स्वतःच्या हातानं भरायचा, तारीख स्वतः टाकायची, सही सगळ्यात शेवटी, आणि लगेच मोबाईलवर फोटो. सर रागावले तर रागावू द्या. दोन दिवस बेंचवर बसवतील, दोन वर्षं नाही बसवणार. कॉलेज बदललं तर टी.सी.वर थांबू नका. जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांना साधा अर्ज लिहा, की अमुक तारखेला प्रवेश रद्द केला, क्रीडा स्पर्धेच्या यादीतून माझं नाव कमी करून विद्यापीठाला कळवावं. तोच अर्ज विद्यापीठाच्या क्रीडा विभागालाही द्या. दोन्हीकडं दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही. व्हॉट्सॲपवर पाठवला, सरांनी निळी टिक केली, असलं काही तिथं चालत नाही.

एवढ्यानं घाबरून जाऊ नका. बहुतेकांचं सगळं सुरळीत होतं. दहावीची सनद, बारावीचं आणि शेवटच्या परीक्षेचं गुणपत्रक, प्रवेशाची पावती, फोटो, एवढं नावासकट जुळलं की फॉर्मला कुणी हात लावत नाही.

मला जास्त जिव्हारी लागलं ते मात्र जन्मतारखेमुळं. आपल्या खेड्यापाड्यात निम्म्या पोरांची जन्मतारीख 1 जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीनं टाकलेली. माझीही तीच. आई सांगते, मी पोळ्याच्या आसपासचा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय धरतात 1 जुलैला आणि मर्यादा 25 ची. निलंबन लागलं तेव्हा मी कागदावर 23 चा होतो. शिक्षा संपवून एम.पी.एड.ला आलो, तर त्या 1 जुलैला 25 वर्षं एक महिना. बाहेर! पोळ्याची तारीख पडली असती तर 24 आणि दहा-अकरा महिने, म्हणजे आणखी एक हंगाम. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचा शर्ट अंगावर घालायचं राहून गेलं ते असं. आता दहावीची सनद निघाल्यावर तारीख बदलायला जाऊ नका, त्यातून नवीन संशय उभे राहतात. फक्त आपल्याकडं किती हंगाम उरलेत, ते सनदेवरून मोजून ठेवा.

कुणावर कारवाई झालीच, तर रडत कपाटाभोवती फिरू नका. आधी आदेशाची प्रत मागा आणि त्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. माझ्या आदेशात फक्त विद्यापीठाच्या स्पर्धा लिहिल्या होत्या, आणि मी आठ महिने गावच्या यात्रेतला सामनासुद्धा खेळलो नाही! मूर्खपणा माझाच. पुढं जिल्हा संघातून खेळलो, कुणी अडवलं नाही. दुसरं, माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नुसती झेरॉक्स मागू नका, मूळ कागदाचं अवलोकन मागा. झेरॉक्समध्ये सगळी शाई काळीच दिसते. मूळ फॉर्म पाहिला तेव्हा कळलं, की माझी सही हिरवी आहे, 'म' शेजारी पाकाचा पिवळट डाग आहे, आणि बाकीचा मजकूर अन् तारीख दुसऱ्याच निळ्या पेनानं भरलीय. हे अपिलात मांडलं. निर्णय उशिरा लागला, वर्ष परत मिळालं नाही. पण 'खोटी माहिती दिली' हा शेरा निघाला. तो राहिला असता तर पुढं सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणासाठी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडं प्रमाणपत्र पडताळणीला जाताना काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून तिथं प्रत्येक कागद उलटापालटा करून बघतात, आणि बघायलाच पाहिजे.

सर अजून भेटतात. मागच्या हंगामात पंच म्हणून आले होते. चहा पाजला, काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्या चार-पाच पोरांपैकी दोघांनी जुन्या कॉलेजला अर्ज द्यायचाय. मी मजकूर लिहून दिलाय. आवक-जावकचे मामा दुपारी दोननंतर जागेवर सापडत नाहीत, तेव्हा सकाळच्या एसटीनं जा म्हणून सांगितलंय.