जिममध्ये वजन उचलायला सुरुवात: पहिले तीन महिने कसे करावेत

जिम लावली की नव्या माणसाच्या हाती बहुधा एकच वेळापत्रक पडतं: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, असं करत शनिवारी पाय. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्याला ते चालतं, नवशिक्याला नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बसल्यामुळे. स्नायू डोळ्यांना दिसण्याइतके भरायला नंतर वेळ लागतो. हा मेळ सरावाने बसतो. स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन मारायची बैठक, आठवड्यातून एकदाच केला तर दर शनिवारी तो पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो. म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड आणि प्रत्येक वेळी सगळं शरीर, असा व्यायाम करावा. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे दिवस सोयीचे, कारण सोमवारी बेंच रिकामे मिळणं कठीण.

जिम निवडताना

घरापासून किंवा कामापासून दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल अशीच जिम घ्या. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्याने गंगापूर रोडवरची चकचकीत जिम घेतली, तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तिकडे जाणं होणार नाही. ज्या वेळी व्यायाम करणार त्याच वेळी जाऊन गर्दी पाहा. डंबेल अडीच-अडीच किलोच्या फरकाने आहेत का, सव्वा किलोच्या छोट्या प्लेट आहेत का, स्क्वॉट रॅकला (बार ठेवायच्या चौकटीला) निसटलेला बार अडवणारे आडवे सेफ्टी रॉड आहेत का, हे तपासा. एसी आणि आरशांपेक्षा याच गोष्टी कामाच्या. वर्षाचं पॅकेज स्वस्त वाटलं तरी आधी एकच महिना भरा.

सोबत सपाट तळव्याचे बूट, नॅपकिन, पाणी आणि एक छोटी वही. पळण्याच्या जाड, मऊ बुटांत वजन घेऊन उभं राहिलं की टाच डुगडुगते. कॅनव्हासचे साधे बूट त्याहून बरे. कमरेचा पट्टा आणि हातमोजे सध्या नकोत.

रॉडचं वजन आधी मोजा

दोन्ही टोकांना जाड नळी असलेला सात फुटी ऑलिम्पिक बार २० किलोचा असतो. सगळीकडे सारख्या जाडीचे बारीक रॉड मात्र लांबीप्रमाणे हलके-जड असतात. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग रॉड हातात घेऊन उभे राहा आणि फरक वहीत लिहा. अंदाजाने लिहिलेली वही पुढे उपयोगाची राहत नाही.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. बार रॅकवर असताना एका बाजूच्या सगळ्या प्लेट एकदम काढू नका. दुसरी बाजू जड होऊन बार उलटतो आणि शेजारच्याला लागतो. एक इकडची, एक तिकडची, अशाच काढायच्या.

दर वेळचे पाच प्रकार

आधी पाच मिनिटं सायकल किंवा ट्रेडमिल. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा दहा मिनिटं द्या. मग प्रत्येक प्रकाराचा एक सेट (न थांबता सलग केलेली आवर्तनं) निम्म्या वजनाने.

१. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट
२. डंबेलने बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलणं)
३. डंबेलने रोमेनियन डेडलिफ्ट (कमरेतून पुढे वाकून पुन्हा उभं राहणं)
४. केबल रोइंग (मशीनची केबल पोटाकडे ओढणं) किंवा लॅट पुलडाऊन (वरचा दांडा छातीकडे खाली ओढणं), आलटून-पालटून
५. बसून डंबेल शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलणं)

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे दोन सेट, पुढे तीन. एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स (आवर्तनं), दोन सेटमध्ये दीड ते दोन मिनिटं विश्रांती. सगळं मिळून तासाभरात होतं.

स्क्वॉट नीट शिकण्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. डंबेल उभा धरून दोन्ही तळहातांनी वरची प्लेट पेलून धरा, कोपरं खाली. पाय खांद्याइतके फाकलेले, चवडे थोडे बाहेर वळलेले. पोटात श्वास भरा, पोट घट्ट करा आणि सरळ खाली, दोन टाचांच्या मध्ये बसा. मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत जा आणि पूर्ण तळव्याने जमीन ढकलत उठा. अर्ध्याच्या वर आल्यावर श्वास सोडा. ब्लड प्रेशर असेल तर श्वास रोखू नका, उठतानाच सोडत राहा. आणि हृदयाचा, हर्नियाचा किंवा कमरेचा जुना त्रास असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली, टाच उचलली जाते. तालमीतल्या बैठका मारलेल्यांना तर चवड्यांवर जायची सवयच असते. त्या बैठकांसाठी ते योग्य, पण वजन घेतल्यावर तळवा पूर्ण टेकलेला हवा. घोटा आखडलेला असेल तर काही आठवडे टाचांखाली अडीच किलोच्या प्लेट ठेवा. उकिडवं बसायची सवय असलेल्यांना ही अडचण सहसा येत नाही. दुसरी चूक म्हणजे उठताना गुडघे आत वळणं. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहिला पाहिजे. तो बोटांच्या थोडा पुढे गेला तरी हरकत नाही. गुडघे आत येत असतील तर वजन कमी करा.

रोमेनियन डेडलिफ्ट पाठीने उचलायची नसते. दोन्ही हातांत पिशव्या असताना आपण मागचं दार कुल्ल्याने ढकलून लावतो, तसा कुल्ला मागे न्या. गुडघे किंचित वाकलेले, डंबेल मांड्यांना घासत खाली, पाठ सपाट. मांडीच्या मागे ताण आला की थांबा. डंबेल जमिनीला टेकवायचा हट्ट केला की पाठ गोल होते आणि कंबर धरते.

बाकीचे तीन सोपे. बेंच प्रेसमध्ये कोपरं खांद्याच्या रेषेत पसरू न देता थोडी अंगाजवळ ठेवा. रोइंग-पुलडाऊनमध्ये झोके घेऊ नका. शोल्डर प्रेसमध्ये कंबर मागे वाकली तर वजन जास्त झालं असं समजा.

किती वजन, कधी वाढवायचं

स्क्वॉटला पुरुषांनी साधारण ७.५ ते १० किलो, स्त्रियांनी ५ किलोपासून सुरू करावं. खरी कसोटी अशी: पहिले दोन आठवडे सेट संपल्यावर अजून तीन-चार रेप्स निघतील असं वाटलं पाहिजे, त्यानंतर दोन. तिन्ही सेट १२-१२ झाले की पुढचा डंबेल घ्या आणि पुन्हा ८ वर या. शोल्डर प्रेसमध्ये मात्र ५ वरून ७.५ किलोवर जाणं म्हणजे दीडपट उडी; तिथे आधी १५ रेप्सपर्यंत जा. २० किलोच्या डंबेलने १२ स्क्वॉट नीट जमले की रिकामा ऑलिम्पिक बार खांद्यावर घ्यायला हरकत नाही.

वजन उचलल्याने अंग पुरुषी होतं, ही भीती स्त्रियांनी मनातून काढून टाकावी. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असल्याने तसं आपोआप होत नाही.

दुखणं ओळखा

पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतात, जिना उतरताना जाणवतं. हे दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी वाढतं आणि तीन-चार दिवसांत ओसरतं. सांध्यात टोचणारी कळ वेगळी. ती आली की तो व्यायाम तिथेच थांबवा. ट्रेनरच्या किंवा मित्रांच्या आग्रहाने पहिल्याच दिवशी अतोनात सेट मारले, स्नायू सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तुटलेल्या स्नायूंतला घटक रक्तात उतरून किडनीला इजा करू शकतो.

खाणं

वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरेशी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९५ च्या आसपास. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. अंड्यात ६ ग्रॅम, २५० मिली दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २५, वाटीभर दाट मटकीच्या उसळीत ७-८. रविवारची मिसळ सोडायला नको. मटकी जास्त घ्या, फरसाण आणि तर्री कमी. आहारातून बेरीज जमत नसेल तरच व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची पावडर).

ताकदीची गोळी किंवा इंजेक्शन कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. बाहेरून स्टेरॉईड घेतलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, आणि हृदय व यकृतावरही ताण येतो.

दोन-तीन आठवडे एकाच वजनावर अडकलात तर आधी झोप आणि जेवण तपासा, मग वजन दहा टक्क्यांनी कमी करून पुन्हा चढत या. गणपती-दिवाळीत दोन आठवडे खाडा झाला तर जुन्या आकड्याच्या सुमारे ऐंशी टक्क्यांवर सुरू करा. आठवडा-दोन आठवड्यांत तो परत गाठता येतो.