चाक फिरतंय, पण यॉट वळत नाही: वायर-चेनच्या स्टिअरिंगचा बिघाड शोधणं आणि दुरुस्ती

३० ते ४५ फुटी शिडाच्या यॉटवर चाकाचं स्टिअरिंग असेल तर आतली रचना बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. चाकाच्या आसावर दातेरी चक्र, त्यावरून चेन, चेनच्या दोन्ही टोकांना स्टेनलेसची वायर. ही वायर पुल्यांवरून कॉकपिटखाली जाते आणि सुकाणूच्या दांड्यावर आवळलेल्या क्वाड्रंटला (चतकोर चकतीसारखा भाग) दोन्ही बाजूंनी ओढते. दांड्याच्या खाली पाण्यात पातं. चाकाची हालचाल यातल्या कुठल्या सांध्यापर्यंत पोचते आणि कुठे अडते, एवढंच शोधायचं असतं. एक जण चाकावर हवा, दुसरा टॉर्च घेऊन मागच्या लॉकरमध्ये.

हे समुद्रात घडलं तर लॉकर उघडण्याआधी शिडं सैल सोडा. किनारा किंवा खडक जवळ असेल तर नांगर टाका. कोकणच्या किनाऱ्यालगत नांगर धरेल इतकं उथळ पाणी बहुतेक ठिकाणी मिळतं. मग ऑटोपायलट लावून बघा. त्याचा रॅम (ढकलणारा-ओढणारा दट्ट्या) दांड्यावरच्या स्वतंत्र आर्मला जोडलेला असेल तर वायर तुटली तरी तो सुकाणू वळवतो. चाकाला बसवलेला ऑटोपायलट असेल तर तो इथे बिनकामाचा. मोकळं सुटलेलं सुकाणू लाटेसरशी आपटतं आणि क्वाड्रंट त्याच जोराने फिरतो, त्यामुळे इमर्जन्सी टिलर (दांड्याच्या डोक्यावर थेट बसणारा, सुकाणू हाताने फिरवायचा दांडका) बसवून ते कुणीतरी धरल्याशिवाय आत हात घालायचा नाही. बोटं तुटतात. मदत लागली तर व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

आता निदान. चाक फिरतं पण क्वाड्रंट ढिम्म, तर वायर तुटली आहे, क्लॅम्पमधून निसटली आहे किंवा चेन दात्यांवरून उतरली आहे. चेन आपोआप उतरत नाही. वायर सैल पडलेली असते म्हणून उतरते, तेव्हा नुसती चेन चढवून काम संपत नाही. क्वाड्रंट फिरतो पण दांडा मागे राहतो, असा संशय असेल तर दोघांवर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढा आणि चाक जोराने दोन्हीकडे फिरवा. रेघ तुटली की समजा बोल्ट सैल आहेत किंवा चावी (क्वाड्रंट आणि दांडा एकमेकांत अडकवणारी धातूची पट्टी) झिजली आहे. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, चावीला प्ले असेल तर त्याच मापाची नवी करून घ्या. आणि दांडाही व्यवस्थित फिरतोय, तरी यॉट वळत नाही? मग पात्याच्या आतले दांड्याला वेल्ड केलेले धातूचे पंजे सुटलेत किंवा पातंच गेलंय. हे समुद्रात दुरुस्त होत नाही.

चाक जड झालं की लोक लगेच ग्रीस शोधायला लागतात. आधी पेडेस्टलचा (चाक ज्यावर बसतं तो खांब) ब्रेक सोडलाय का, ऑटोपायलटचा क्लच सुटलाय का आणि सुकाणूत जाळ्याचा तुकडा अडकलाय का ते बघा. तिन्ही ठीक असेल तर धक्क्याला लागल्यावर दोन्ही वायर क्वाड्रंटपासून सोडा आणि इमर्जन्सी टिलरने सुकाणू फिरवा. तरीही जड, तर दोष बेअरिंगमध्ये किंवा ग्लँडमध्ये (दांड्याभोवती पाणी अडवणारं सील). हलकं झालं, तर पुल्या, वायर नाहीतर पेडेस्टल. ग्लँड जास्त आवळलेली असेल तर नट पाव फेरा सोडून बघा, मात्र पाणी गळतंय का त्यावर लक्ष ठेवून. बेअरिंगमधलं नायलॉनचं बुश (दांडा फिरतो ती नळी) पाणी शोषून फुगलं असेल तर यॉट वर काढून सुकाणू उतरवण्याला पर्याय नाही.

वायर तपासताना उघडा हात फिरवू नका. तुटलेला एक बारीक तारही काट्यासारखा घुसतो. टिश्यू पेपरच्या चार-पाच घड्यांवर ३० ग्रेडचं इंजिन ऑइल घ्या आणि वायरवरून ओढा. वंगणही होतं आणि तार तुटला असेल तिथे कागद फाटतो. एक तार जरी तुटलेला सापडला तरी वायर बदला. चेनलाही हेच तेल. ग्रीस कड्यांच्या आत शिरत नाही, वर नुसती धूळ धरतं. पुलीखाली धातूचा भुगा दिसला तर पुली वायरच्या रेषेत नाही. ती सरळ केल्याशिवाय नवी वायर घातली तर तीही तशीच कापली जाईल.

नवी वायर जुन्याच जाडीची, ७×१९ विणीची (सात पेड, प्रत्येकात १९ तारा) घ्या. डोलकाठीच्या ताणासाठी वापरतात ती १×१९ (एकाच पेडात १९ तारा) वायर घरात पडलेली असते म्हणून लावू नका. ती ताठ असते आणि पुलीवर वाकून वाकून तुटते. जुन्या लांबीपेक्षा प्रत्येक बाजूला हातभर जास्त ठेवा. खोलण्याआधी फोटो काढा, कारण काही पेडेस्टलमध्ये वायर खाली एकमेकींना ओलांडतात. उलट जोडल्या तर चाक डावीकडे आणि यॉट उजवीकडे. जुनी वायर ओढताना तिच्या शेपटाला बारीक दोरी बांधा, म्हणजे नवी त्याच वाटेने आत येते.

सुकाणू मधोमध, चाक मधोमध, चेनचं मधलं कडं दातेरी चक्राच्या अगदी वर. चाक बांधून टाका. क्वाड्रंटच्या आय-बोल्टवर (डोक्याला कडं असलेला बोल्ट) थिंबल (फासाला आतून आधार देणारी खाचेची कडी) घालून वायर वळवा आणि दोन बुलडॉग क्लॅम्प लावा: खोगीर (क्लॅम्पचा जाड, खाचेचा तुकडा) ताण घेणाऱ्या वायरवर, यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर. यात उलट झालं की क्लॅम्प कामाचीच वायर चेचतो. मग दोन्ही आय-बोल्टचे नट सारखे आवळत जा. चाक बांधलेलं असताना क्वाड्रंट हाताने हलेनासा झाला की थांबा. त्याहून जास्त ताणलं तर चाकाला सुकाणूचा अंदाज येत नाही आणि पुल्या झिजतात. दुसरा नट लॉक करा, स्प्लिट पिना वाकवा. आता चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवा: सुकाणू साधारण ३५ अंशांवर स्टॉपला टेकलं पाहिजे, आणि चेन-वायरचा सांधा दात्यांवर येण्याआधीच टेकलं पाहिजे. पहिल्या फेरीनंतर क्लॅम्प पुन्हा आवळा. नवी वायर थोडी ताणतेच. पाचेक वर्षांनी वायर चांगली दिसली तरी बदलावी आणि उतरवलेली धड असेल तर गुंडाळून, चार क्लॅम्प आणि दोन थिंबलसह, बोर्डवर सुटी ठेवावी.

इमर्जन्सी टिलर बंदरातच बसवून बघा. पुष्कळदा तो पेडेस्टलला अडतो किंवा वरचं झाकण गंजून उघडतच नाही. आखूड टिलर लाटांत एकट्याच्या हाताला आवरत नाही, म्हणून त्याच्या टोकापासून दोन दोऱ्या ब्लॉकमधून दोन्ही विंचांवर (दोर गुंडाळून ओढायचे रहाट) घ्या. २०१७-१८ च्या जगप्रदक्षिणेत गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या शिडाच्या आयएनएसव्ही तारिणीलाही स्टिअरिंगच्या बिघाडापायी मॉरिशसला न ठरलेला थांबा घ्यावा लागला होता, तेव्हा चांगली देखभाल असलेल्या यॉटनेही ही तयारी टाळू नये.

पावसाळ्यात यॉट वर काढलेली असते तेव्हा पातं बघून घ्या. एकाने चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने पात्याची मागची कड हलवायची. दांडा स्थिर आणि पातं हलतंय, तर आतलं वेल्ड गेलं. शंका राहिली तर पात्याच्या तळाशी ५ मिलिमीटरचं भोक पाडा. साधं पाणी ठिबकलं तर पातं सुकवून भोक इपॉक्सीने बुजवता येतं. तांबूस, गंजाचं पाणी आलं तर पातं उघडूनच बघावं लागेल, कारण आत हवा नसलेल्या ओलीत स्टेनलेसही सडतं.