आंब्याच्या खोक्यांवरचे लोगो : दिसेल तशी सूची कशी करावी

रत्नागिरी-देवगडकडे आंब्याचा नवा ब्रँड काढायचा म्हटलं की लोगोत आंबा येतो, बाजूला माड आणि मागे सूर्य. आपल्याआधी हे कुणीकुणी केलंय ते कळायचं तर आजूबाजूच्या लोगोंची सूची हाताशी हवी.

आधी गोळा करा. आंब्याचे खोके, आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्या, काजूची पाकिटं, होमस्टेच्या पाट्या. फोटो समोरून काढा. बाटलीवर लेबलाच्या कडा वळतात, म्हणून न चिकटवलेलं कोरं लेबल मालकाकडे मागा. फाइलला मालकाचं नाव देऊ नका, क्रमांक द्या. एका घरातून दोन-तीन ब्रँड निघणं इकडे नवीन नाही.

मग फोटो कृष्णधवल करा. तपकिरी पुठ्ठ्यावर पिवळा मळकट होतो, छापखाना बदलला की हिरवा बदलतो. आकार तेवढा टिकतो. आता ढोबळ वाटणी : नुसती अक्षरं, नुसतं चित्र, की दोन्ही.

पुढचे गट स्वतः पाडत बसू नका. लोगोतल्या चित्रांचे गट पाडणारं व्हिएन्ना वर्गीकरण तयार आहे. 1973च्या करारातून आलेली ही पद्धत जागतिक बौद्धिक संपदा संघटना सांभाळते. तिचे मुख्य गट 29, त्यांत विभाग आणि पोटविभाग. गट आणि विभागाचे क्रमांक जोडले की झाला कोड. भारत 2019 मध्ये या करारात सामील झाला. आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात या कोडनेही शोधता येतं, त्यामुळे तुमची सूची तिथेही कामाला येते.

आपल्याकडे सारखे लागणारे कोड थोडेच. सूर्य 1.3, मासे आणि इतर जलचर 3.9, झाडं 5.1, फळं 5.7, होड्या-जहाजं 18.3. वर्तुळ-त्रिकोण 26व्या गटात. देवनागरीसारख्या लिप्या 28व्यात, रंग शेवटच्या 29व्यात. एका लोगोला हवे तेवढे कोड द्या : माडाखाली होडी असेल तर 5.1 आणि 18.3 दोन्ही.

खरी कसोटी पुढे आहे. डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं, मालकाच्या मनातलं नाही. तो म्हणेल, ही समुद्राची लाट. कागदावर एक वाकडी रेघच असेल तर ती 26व्या गटातली रेघ. लाट म्हणून कुणालाही ओळखू येत असेल तर सहावा गट, निसर्गदृश्यांचा, तोही द्या. कोयरीने तर भल्याभल्यांना चकवलंय. साडीच्या काठावरची कोयरी, हापूस आणि काजूगर, तिघांची बाह्यरेषा जवळजवळ एकच. देठ किंवा पान दिसलं तर फळ. आत नक्षी भरलेली असेल तर 25वा गट, अलंकरणाचा. ठरेना, तर दोन्ही कोड. शोधताना एक जास्तीचा लोगो समोर आला तर बिघडत नाही, सुटलेला मात्र महागात पडतो.

नोंदीला साधी एक्सेल शीट पुरे : क्रमांक, फोटो, लोगोतला मजकूर, प्रकार, कोड, माल, गाव, तारीख. प्रत्येक कोडला वेगळा रकाना ठेवा. एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबले की फिल्टर लावताना डोकं फिरतं.

शेवटी काही लोगो दुसऱ्या कुणाकडून, तुमचे कोड झाकून, पुन्हा कोड करून घ्या. डिझायनर नको, बाजारात पेट्या उचलणारा माणूस उत्तम. जिथे दोघांचं जुळणार नाही तिथे दोघांचेही कोड शीटमध्ये ठेवा.